ख्रिस्ती आई म्हणून रोजच्या लहानसहान गोष्टींतून मुलांना प्रेम कसं दाखवावं?

सलाम ताई. दोन लहान मुलं, नोकरी, रात्री घरची प्रार्थना उरकेपर्यंत डोळे मिटतात, आणि मुलांना माया कळते की नाही हीच धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. यादी मी देणार नाही. डबा, वेणी, अभ्यास तुम्ही करतच असाल. माझं एक सांगते.

आम्ही नगरचे (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही अजून). मुलगा दुसरीत होता. नाताळच्या कार्यक्रमात संडे स्कूलच्या मुलांनी बायबलातल्या 1 करिंथ 13 मधली वचनं पाठ म्हणायची होती. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" इथवर गाडी सुरळीत, पुढे "ती चिडत नाही" आलं की पोरगं अडकायचं. रोज तिथेच. पाचव्या दिवशी मी चिडले आणि लाकडी पट्टी त्याच्या पोटरीवर ओढली. कुठल्या शब्दावर मारलं ते थोरल्या जाऊबाई फिसकन हसल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वर म्हणाल्या, "बरं केलंस. छडी आवरणारा मुलाचा वैरी, वचनच आहे."

रात्री भाकरी थापताना परातीत मूठभर पीठ उरलं. त्याची तळहाताएवढी चानकी केली, फुगल्यावर पापुद्रा उचलून आत तूप घातलं, गूळ चुरडला आणि त्याच्या ताटात ठेवली. बोलले काहीच नाही. माफी मागायचा धीर नव्हता. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. "दादाला नाही?" दादा म्हणजे जाऊबाईंचा मुलगा. म्हटलं, "नाही, तुझी आहे." अर्धी खाल्ली, अर्धी चड्डीच्या खिशात. सकाळी खिसा तुपानं माखलेला आणि खुंटीपर्यंत मुंग्यांची रांग.

मग रोज दोन चानक्या करायला लागले, कारण दादानं भोकाड पसरलं. जाऊबाई मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सगळ्यांना सांगायच्या, ही पोरं लाडावतेय. तेव्हा गप्प बसले, आता बोलते. नीतिसूत्रे 13:24 त्यांना पाठ आहे, मलाही आहे. पण तिथल्या छडीसाठी हिब्रूत जो शब्द आहे, तोच स्तोत्र 23 मध्ये मेंढपाळाच्या हातात आहे. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" म्हणतो आपण, त्यातली आकडी. आकडीनं काय करतात ते आमच्याकडे शेळ्या राखलेल्या कुणालाही विचारा. बाभळीची फांदी खाली ओढून शेंगा पाडतात. शेळीला हाणायला आकडी कुणी घेत नाही. आणि मार्क 10:16 मध्ये प्रभूनं बालकांना आधी कवटाळलं, मग हात ठेवून आशीर्वाद दिला. वचनं पाठ आहेत का, असं आधी विचारलं नाही.

तर ताई, एकच काहीतरी धरा, पण रोजचं आणि त्या त्या मुलाच्या नावाचं. दोघांना मिळून एक असं नको. मोठं काही नको, वाढदिवसाचा केक तर मुळीच मोजू नका. मारलं असेल तर त्याच रात्री माफी मागा. मी मागितली तेव्हा तो दहावीत होता. त्याला वाटलं, मी पैसे हरवले बिरवले की काय.

म्हणजे वळण लावूच नका असं नाही हं. मोबाईल मी रात्री अकराला हिसकावून घेतच होते. आणि चानकीनं पट्टी पुसली गेली असंही समजू नका. त्याला दोन्ही आठवतं, कुठल्या पोटरीवर बसली तेसुद्धा. आता तो पुण्यात असतो, उपासनेला दर रविवारी जात नाही. जाऊबाई म्हणतात, हे त्या चानकीचं फळ. त्यांचा दादा तीच चानकी खाऊन मंडळीत ऑर्गन वाजवतो, त्याचं काय ते त्यांनी इथे खाली लिहावं. वाचतात त्या. मला हे खातं त्यांनीच उघडून दिलंय.