सीरियल किलरवरचा, तरीही हसवणारा एखादा चित्रपट सुचवाल का?

रक्तपात नको, पण विनोद काळाकुट्ट हवा असेल, तर १९४९ सालचा ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ हा ब्रिटिश चित्रपट डोळे झाकून निवडावा. इटालियन गायकाशी लग्न केल्यामुळे उमराव घराण्याने ज्या बाईला वाळीत टाकले आणि मेल्यावर कुळाच्या दफनगृहातही जागा नाकारली, तिचा मुलगा लुई हा सरदारकी आणि स्वतः यांच्यामध्ये येणाऱ्या एकेका वारसदाराचा काटा काढत जातो. खरी गंमत खुनांत नसून, लुई ज्या शालीन, थंड सुरात त्यांची हकिकत सांगतो त्या सुरात आहे. त्या घराण्यातील आठ व्यक्ती एकट्या अ‍ॅलेक गिनेस यांनी साकारल्या आहेत, आणि चर्चमधील एका दृश्यात तर ते सहा रूपांत एकाच चौकटीत बसलेले दिसतात. स्त्रियांच्या मताधिकारासाठी बलूनमधून पत्रके उधळणाऱ्या लेडी अगाथांना लुई खिडकीतून बाण मारून खाली आणतो. आरमारातील नातेवाईक मात्र स्वतःच्याच हट्टापायी जहाजासकट बुडून त्याचे कष्ट वाचवतो. संवाद फार बारकाईने लिहिलेले असल्याने सबटायटल्स लावूनच पाहावा, आणि शेवट आधी कुठेही वाचू नये.