वाचक विचारतात : जुनी मोटर ट्रॉली

रुळांची पाहणी करायला रेल्वेचे इंजिनिअर ज्या छोट्या, उघड्या, इंजिनाच्या गाडीवरून फिरत, ती मोटर ट्रॉली. अशा गाड्या विकत घेऊन चालत्या करण्याची हौस आपल्याकडेही दिसू लागली आहे. या वेळचे सगळे प्रश्न त्याविषयीचे आहेत.

प्रश्न : भंगाराच्या दुकानात मोटर ट्रॉलीचा सांगाडा पाहिला. चाकं आणि एक्सल जागेवर आहेत, इंजिन सुटं करून पोत्यात ठेवलंय. घ्यावी का? घेण्यापूर्वी काय बघावं?
— एक वाचक, मिरज

आधी कागद बघा, लोखंड नंतर. रेल्वेचा निकामी माल लिलावातून बाहेर पडतो. त्या लिलावाची पावती आणि माल सोडल्याचा कागद, तिथून दुकानदारापर्यंतची बिलं आणि शेवटी तुमच्या नावाचं बिल, अशी साखळी पुरी हवी. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयीचा १९६६ चा कायदा कडक आहे. माल चोरीचा असल्याचा वाजवी संशय आला, तर तो रीतसर आपल्याकडे आला हे ज्याच्याकडे सापडला त्यालाच सिद्ध करावं लागतं. दुकानदार ‘कागदाचं बघू नंतर’ म्हणाला, की नमस्कार करून निघावं.

मग टेप काढा. मिरजेत मिळालेली ट्रॉली तीनपैकी कुठल्याही गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) असू शकते. पुण्याकडून येणारा मार्ग १९७१ पर्यंत मीटर गेज होता (१००० मिमी). पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची. आजचं ब्रॉडगेज १६७६ मिमी. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर गेजपेक्षा साधारण ६० ते ८० मिमी कमी भरतं. पुढच्या आणि मागच्या जोडीचं माप जुळत नसेल, तर एक एक्सल दुसऱ्या गाडीचा आहे असं समजा.

चाकांची तडा-तपासणी सोडू नका. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा डाय पेनिट्रंटचा (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचा) संच मिळतो. चाक डिझेलनं धुवा, तारेचा ब्रश मारून रंग आणि गंज काढा, क्लीनरनं पुसून कोरडं करा. लाल रंग फवारून १० ते १५ मिनिटं थांबा. मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. चाकावर थेट फवारलात तर भेगेत शिरलेला रंगही धुऊन जातो आणि तडा असूनही दिसत नाही. शेवटी पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर काही मिनिटांत पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. बोल्टांची भोकं, हबचा कोपरा आणि फ्लँजचं (चाक रुळावर धरून ठेवणाऱ्या कडेचं) मूळ या तीन जागा नीट बघा. तडा सापडला तर ते चाक बाद. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड ठिसूळ होतं आणि पुढचा तडा तिथूनच जातो.

चाक आणि एक्सलमध्ये फायबरचे बुश दिसले तर काढून फेकू नका. ट्रॅक सर्किट (रुळांतल्या करंटवरून गाडी ओळखणारी सिग्नलची व्यवस्था) असलेल्या मार्गावर दोन रूळ चाकांतून जोडले गेले, की सिग्नलला गाडी आल्यासारखं वाटतं. ते टाळण्यासाठी हे इन्सुलेशन असतं. तुमच्या अंगणात त्याचा उपयोग नाही, पण बुश काढला तर चाक हबवर डुगडुगेल. ऑइल पिऊन मऊ झालेले असतील, तर त्याच मापाचे नवे करून घ्या.

प्रश्न : एक्सलला ६२०८ बेअरिंग ढिलं होतंय. लेथवाले मिस्त्री म्हणतात, पंच मारून घट्ट करून देतो. करू का?
— एक वाचक, पलूस

नको. तुमचा एक्सल बहुधा दीड इंची, म्हणजे ३८.१ मिमी. ६२०८ चं भोक ४० मिमी. जवळजवळ दोन मिमीची फट पंच ठोकून एक्सलवर उठवलेल्या उंचवट्यांनी भरत नाही. शेतीच्या पंपाच्या शाफ्टला असली मलमपट्टी आठवडाभर तरते, इथे तीही तरणार नाही. दीड इंची भोकाचं बेअरिंग तयार मिळतं. यूसी २०८-२४ मागा, ‘२४’ म्हणजे एक इंचाचे चोवीस सोळांश. त्याचा बाहेरचा घेर गोलसर असतो, त्यामुळे जुन्या सरळ घरात ते बसत नाही. त्याचा ब्लॉकही सोबत घ्यावा लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे एक्सल ३५ मिमीपर्यंत उतरवून ६२०७ बसवणं. त्यात वाकणं सोसण्याची ताकद सुमारे २२ टक्क्यांनी घटते. उतरवलेल्या खांद्याला (जाडी बदलते त्या पायरीला) काटकोनी कोपरा राहिला, तर एक्सल तिथेच मोडतो. कोपऱ्याला गोलाई हवी, पण १ मिमीच्या आत, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकत नाही. आमच्या मते त्यापेक्षा ईएन-८ या पोलादाच्या सळईतून नवा एक्सल करून घेणं बरं. कुपवाड किंवा पलूसच्या एमआयडीसीत हे रोजचं काम आहे.

प्रश्न : आमच्या ट्रॉलीचं एकसिलिंडरी टू-स्ट्रोक इंजिन थंड असताना दोन हँडलांत उठतं. दहा-पंधरा मिनिटांनी भकभक करत बंद पडतं आणि गार झाल्याशिवाय परत उठत नाही. कार्बोरेटर तीनदा साफ झाला.
— एक वाचक, कराड

चौथ्यांदा साफ करू नका. गार इंजिन नीट उठतं, म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मोकळं आहे. इंजिन बंद पडेल त्या क्षणीच तपासणी करा, गार झाल्यावर दोष सापडत नाही.

बंद पडताच टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज झाला आणि इंजिन उठलं, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलेलं आहे. पेट्रोल खाली उतरतं तशी आत हवा यायला हवी, नाहीतर धार अडते. सुईनं भोक मोकळं केलं की काम झालं.

फरक पडला नाही तर प्लग काढा. टाकीपासून लांब, कोरड्या हातमोज्यानं धरून बॉडीला टेकवा आणि हँडल फिरवा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळी, लुळी किंवा मुळीच नसेल, तर दोष मॅग्नेटोत (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागात). तिथे संशय आधी कंडेन्सरवर घ्या. गरम झाला की आतलं इन्सुलेशन दगा देतं आणि पॉइंट (मॅग्नेटोतला करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडताना त्यांच्यावरच ठिणगी उडते. पॉइंट काळेनिळे, खड्डे पडलेले दिसतील. ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा, जुन्या स्कूटरचा कंडेन्सर चालतो. सर्वांत स्वस्त भाग हाच, म्हणून तो आधी बदला.

पॉइंट बारीक कानशीनं घासा, पॉलिश पेपरनं नको. पेपरचे कण धातूत रुततात आणि करंट अडवतात. मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कोरा कागद पॉइंटांतून ओढून घ्या. इंजिनाच्या पाटीवर माप नसेल तर पॉइंटांत ०.४ मिमी आणि प्लगला ०.६ मिमी ठेवून सुरुवात करा. कंडेन्सर बदलूनही गरमपणी ठिणगी मरत असेल, तर कॉइल. ती गुंडाळून घ्यावी लागेल.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल कमी पडतंय. इथे आजच्या पेट्रोलचा विचार करायला हवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या जेटला त्यानं मिश्रण पातळ पडतं (हवेच्या मानानं इंधन कमी), इंजिन जास्त तापतं आणि सिलिंडरजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते. नळी लांबून घ्या आणि कार्बोरेटरची सुई पाव आटा उघडा. कार्बोरेटरचा फ्लोट बुचाचा असेल, तर त्यावरचा लाखेचा थरही इथेनॉल विरघळवतं. मग फ्लोट जड होऊन बुडतो आणि उलट पेट्रोल सांडू लागतं.

एवढं करूनही इंजिन रडत असेल, तर क्रँकचे ऑइल सील बघा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये दाबली जाते. सील फाटकं असेल तर बाहेरची हवा घुसते. पोर्ट (इंजिनात हवा आत-बाहेर जायच्या वाटा) रबरी पत्र्यांनी बंद करून काटा असलेल्या सायकलच्या पंपानं ६ पीएसआय हवा भरा, त्याहून जास्त नको, सील निसटतात. काटा काही मिनिटं टिकला पाहिजे. उतरला तर साबणाचा फेस लावा, बुडबुडा जागा दाखवेल.

ऑइल लिटरला ४० मिली टाका. रॉडच्या मोठ्या टोकाला बेअरिंगऐवजी गनमेटलचा बुश असेल तर ६० मिली. कूपर कंपनीच्या जुन्या इंजिनांवर हात बसलेला साताऱ्याकडचा मिस्त्री मिळाला, तर बुश त्यालाच दाखवा. डिझेलवाला असला तरी बुशाची पारख त्याला असते.

प्रश्न : टाकी आतून गंजली आहे. खडी घालून हलवली तरी गंज राहतो.
— एक वाचक, सांगली

लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. ओता, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, लगेच वाळवा आणि थोडं ऑइल आत फिरवा. उशीर झाला तर तासाभरात नवा तांबूस थर येतो. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी वेगळं होऊन बसतं. भोक पडलेलं असेल तर कितीही धुतलेली टाकी वेल्डिंगला नेऊ नका. आतली वाफ पेट घेते. डाग मारणं (सोल्डरिंग) रेडिएटरवाल्यांचं काम, आणि तेही पाणी भरून.

प्रश्न : गाडी तयार होत आली. कोरेगावच्या बाजूला पहाटे रूळ मोकळे असतात. थोडं अंतर चालवली तर?
— एक वाचक, सातारा

नाही. रुळावर विनापरवाना जाणं हाच रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल्वेची स्वतःची मोटर ट्रॉलीसुद्धा परवानगी आणि पात्र माणूस असल्याशिवाय रुळावर ठेवत नाहीत. वेळापत्रकात नसलेली मालगाडी कधीही येते. अमेरिकेत अशा गाड्यांचे हौशी गट आहेत, तेही रेल्वे कंपनीशी ठरवून, ठरलेल्या दिवशीच निघतात.

शेतात २०-३० मीटर रूळ टाका. स्लीपर ६० सेंमीवर, गेज तपासायला लाकडी पट्टीला दोन खाचा पुरतात. सरळ मार्गच ठेवा, वळणाला गेज थोडं सैल करावं लागतं आणि नवख्याला ते जमत नाही. दोन्ही टोकांना पुरलेले आडवे ओंडके हवेतच. पहिल्या फेरीआधी इंजिन बंद ठेवून गाडी ढकला आणि ब्रेक लावून बघा. बाभळीचे ठोकळे चाकापासून ३-४ मिमीवर ठेवा. चारही एकाच वेळी टेकले पाहिजेत. एकच आधी टेकला तर गाडी तिरकी ओढली जाते आणि फ्लँज रुळावर चढतो.