सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेतल्या घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी वेगळ्या कशा ओळखायच्या?

त्वचेची स्लाइड लावली की वरचे थर कळतात, पण खाली दिसणाऱ्या गोळ्यांत घामाच्या ग्रंथी कोणत्या नि तेलाच्या कोणत्या, हे उमगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षाला मीही तिथेच अडले होते. जर्नलमध्ये मी घर्मग्रंथी म्हणून आठ-दहा सुट्या बांगड्या काढल्या होत्या. सरांनी चित्राकडे पाहून एवढंच विचारलं, "यातला घाम बाहेर येतो कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घामाची ग्रंथी ही एकच लांब नळी असते. वरून सरळ खाली येते आणि अंतस्त्वचेच्या तळाशी तिचं वेटोळं होतं. स्लाइडवरचा काप असतो जेमतेम पाच-सहा मायक्रॉनचा. सुतळीच्या गुंडाळीवरून सुरी फिरवली तर कापलेल्या भागावर सुतळीचीच टोकं टोकं दिसतील, तसंच इथे होतं. म्हणजे घोळक्याने दिसणारी ती सगळी वर्तुळं एकाच नळीची. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

आता त्याच घोळक्याकडे मोठ्या भिंगातून पाहा. काही वर्तुळं फिकट दिसतील, काही गडद. फिकट असतो तो घाम तयार करणारा भाग. त्याच्या पेशींच्या बाहेरून चपट्या मायोएपिथेलियल पेशींचं वेष्टन असतं, त्या आकसल्या की घाम पुढे ढकलला जातो. गडद असते ती वाहिनी. तिच्या भिंतीत लहान घनाकार पेशींच्या दोन रांगा असतात आणि केंद्रकं दाटीवाटीने असल्याने रंग गडद येतो. ही वाहिनी म्हणजे नुसती मोरी नव्हे. जाता जाता ती घामातलं सोडियम आणि क्लोराइड परत शोषून घेते, म्हणून घाम रक्तद्रवापेक्षा कमी खारट असतो. बाह्यत्वचेत शिरल्यावर मात्र ती फिरकीसारखी वळत वर जाते. हा वळसा एकाच कापात सलग सापडणं नशिबाची गोष्ट. अशा ग्रंथी अंगभर मिळून वीस ते चाळीस लाख असतात.

तेलाच्या ग्रंथीत पोकळी शोधत बसू नका, ती नसतेच. दिसते ती फिकट, फेसाळ पेशींनी ठासून भरलेली पिशवी. फेसाळ का? तर स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये पेशीतला मेद विरघळून जातो आणि त्याच्या थेंबांच्या रिकाम्या जागा उरतात. तुम्ही पाहता ती तेलाची अनुपस्थिती! पिशवीच्या कडेला बारीक, गडद पेशींची रांग असते. त्या विभागत राहतात, नव्या पेशी आत सरकतात, मेदाने फुगतात आणि शेवटी फुटतात. स्राव म्हणजे खुद्द पेशीच, याला होलोक्राइन म्हणतात. ही पिशवी बहुतेक ठिकाणी केसाच्या मुळाला चिकटूनच असते, शेजारी अंगावर काटा आणणाऱ्या स्नायूची तिरकी गुलाबी पट्टीही दिसते.

म्हणून मी मुलांना सांगते, आधी सर्वात वरचा थर बघा. केरॅटिनचा, म्हणजे केसा-नखांत असतं त्याच कडक प्रथिनाचा, जाडजूड पट्टा दिसला तर ती तळहाताची किंवा तळपायाची त्वचा. तिथे केस नाहीत, तेलाच्या ग्रंथीही नाहीत. तिथे सेबेशियस (म्हणजे तेलाची ग्रंथी) असं लिहिलेली जर्नल्स मी दरवर्षी तपासते.

तिसरा प्रकार अपोक्राइन, मुख्यतः काखेत आणि जांघेत. हीसुद्धा वेटोळ्याची नळीच, पण पोकळी ऐसपैस असते आणि तोंड उघडतं केसाच्या कूपात. वयात येईपर्यंत या ग्रंथी गप्प असतात. यांचा स्राव ताजा असताना त्याला वास नसतो, तो येतो त्वचेवरच्या जीवाणूंमुळे.

थर तुम्हाला येतात म्हणालात, तेव्हा दोनच गोष्टी. बाह्यत्वचेच्या खालून दुसऱ्या थरातल्या पेशींना काटे दिसतात ते काही मुळात काटे नसतात. प्रक्रियेत पेशी आकसतात, पण डेस्मोसोमने, म्हणजे दोन पेशींमधल्या बटणासारख्या जोडाने, जिथे एकमेकींना धरून ठेवलेलं असतं तिथली पकड सुटत नाही, त्यामुळे मधला भाग ताणलेला दिसतो. दुसरं, लँगरहॅन्स पेशी नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात जवळपास दिसतच नाहीत, उगाच शोधू नका. पॉल लँगरहॅन्सने 1868 मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्या सोन्याच्या क्षाराने रंगवून पाहिल्या आणि त्यांना चेतापेशी समजला. प्रत्यक्षात त्या रोगप्रतिकाराच्या पेशी निघाल्या. स्वादुपिंडातले 'लँगरहॅन्सची बेटं' म्हणून ओळखले जाणारे पेशींचे पुंजकेही यानेच दाखवले बरं का, त्याच्या पुढच्याच वर्षी.

आणि तळहाताच्या स्लाइडवर खूप खोल, घर्मग्रंथींच्या आसपास, आडव्या कापलेल्या कांद्यासारखं काही मोठं दिसलं, तर ते पॅसिनीचं कणिका-इंद्रिय, दाब आणि कंपन टिपणारं. त्याला ग्रंथी म्हणून बाण काढू नका. मी काढला होता, त्याच जर्नलमध्ये, बांगड्यांच्या शेजारी.