जगात इतकं दुःख असताना कुत्र्यावर एवढा जीव लावणं चूक आहे का?

रात्री युद्धाच्या, भूकंपाच्या बातम्या बघून तुमची झोप उडते. कुत्रीला कुशीत घेऊन बसलं की जिवाला बरं वाटतं, आणि पाठोपाठ मन खायला लागतं: तिकडे माणसं मरताहेत आणि आपण इथे कुत्रीचे लाड करत बसलोय. हे चूक आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर यात चूक काहीच नाही. बातमीतल्या अनोळखी मुलासाठी तुमच्या डोळ्यांत येणारं पाणी आणि कुत्रीच्या पाठीवरून फिरणारा तुमचा हात, दोन्हींमागे माया एकच आहे. कुत्र्याला दिलं तेवढं प्रेम माणसाच्या वाट्यातून कमी झालं, असा हिशेब लोक मांडतात. मला तो कधीच पटला नाही, आणि तो मांडणारे माणसांसाठी फार काही करताना मी पाहिलेले नाहीत.

एक गोष्ट मला कायम धीर देते. १९१४ साली जर्मनीत, बॉनजवळ ओबरकासेल इथे दगडाच्या खाणीतल्या कामगारांना एक प्राचीन दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्र्याची हाडं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. त्या कुत्र्याच्या दातांचा नव्याने अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं, आणि दातांवरच्या खुणा सांगत होत्या की मरण्याआधी त्याला बहुधा डिस्टेंपरने, कुत्र्यांना होणाऱ्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, गाठलं होतं, तेही एकदा नव्हे, आजार पुन्हा पुन्हा उलटला होता. घरात पिल्लाचा डिस्टेंपर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ताप, उलट्या, जुलाब, पुढे झटके. कुणी ऊब दिली नाही, पाणी पाजलं नाही, घाण पुसली नाही तर असं पिल्लू फार दिवस काढत नाही. हे पिल्लू काही आठवडे जगलं. म्हणजे कुणीतरी हे सगळं केलं. हिमयुग सरत आलेलं, पोट शिकारीवर, आणि त्या आजारी जिवाचा शिकारीला सोडाच, राखणीलाही उपयोग नव्हता. त्या माणसांच्या वाट्याला आपल्यापेक्षा कमी मरणं आली असतील असं मला वाटत नाही. तरी ते त्याच्यापाशी बसले, आणि नंतर ते माणसांसोबत पुरलं गेलं.

आता तुमची झोप उडवणाऱ्या बातम्यांकडेच बघा. त्यांत कुत्री आहेतच. २००५ च्या ऑगस्टमध्ये कत्रिना वादळ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरावर आलं, तेव्हा अनेक निवाऱ्यांत आणि बचावाच्या वाहनांत प्राण्यांना घेत नव्हते. कित्येक लोक कुत्र्या-मांजरांना मागे टाकून निघायला तयार झाले नाहीत आणि पाण्याने वेढलेल्या घरात राहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की आपत्तीच्या सरकारी आराखड्यात पाळीव प्राण्यांसह माणसांना हलवायची सोय हवी. एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला एक शहर बुडावं लागलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो लोक बाहेर पडले, तेव्हा कित्येकांच्या एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात कुत्रं होतं, आणि शेजारच्या देशांनी प्राण्यांच्या कागदपत्रांचे नियम सैल केले. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सीरिया हादरले, तेव्हा ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे हे हुंगून सांगायला देशोदेशीची कुत्री गेली. मेक्सिकोहून गेलेला प्रोतेओ नावाचा कुत्रा त्या कामातच मरण पावला. सगळं गमावलेली माणसं उरल्यासुरल्या सामानातून कुत्रं निवडतात आणि छातीशी धरून चालत राहतात. त्यांना जाऊन कुणी म्हणेल का, की हे लाड आहेत?

तरी तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला काळजीची वाटली, आणि ती तुम्ही विचारलेली नाही. तुम्ही कुत्रीला कुशीत घेऊनच बातम्या बघता, असं लिहिलंय. तसं करू नका, असं मी मनापासून सांगेन. आपल्या अंगाला ताणाचा वास येतो आणि तो कुत्र्यांना कळतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ मध्ये हे तपासलं गेलं. माणसांना अवघड तोंडी हिशेब घालायचे, आधीचा आणि नंतरचा घाम व श्वास गोळा करायचा, आणि कुत्र्यांना फरक ओळखायला लावायचा. चारच कुत्री होती, पण दहातल्या नऊहून जास्त वेळा त्यांनी ताणातला नमुना बरोबर काढला. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात २०१९ मध्ये आणखी पुढचं दिसलं. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, केसांत साठत जातं. कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं त्याचं प्रमाण महिनोन्महिने एकमेकांशी जुळत होतं. माणसाचा ताण कुत्र्यात उतरतो, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. तेव्हा मिसाइल कुठे पडलं हे तुमच्या कुत्रीला कळत नसलं तरी तुम्हाला काहीतरी झालंय हे तिला नक्की कळतं, आणि त्यावर उपाय करणं तिच्या हातात नसतं. माझा कुत्रा बंडू अशा वेळी उठून पंजाने माझा हात ओढायचा, मग शेजारी पडून धापा टाकत राहायचा. मी बातम्यांची वेळ संध्याकाळच्या फिरण्याआधी आणली, दुसऱ्या खोलीत, दार लावून. बातम्या वाचणं मी सोडलं नाही, सोडूही नये. पण त्याच्या नाकाशी बसून वाचणं सोडलं.

आणि मिळतं तेही दोघांनाच मिळतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, आई-बाळाच्या नजरेत वाढतं तेच. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांत हे दिसलं नाही. तुम्हाला तिच्याजवळ बरं वाटतं, तेव्हा तिलाही वाटतं. तुम्ही तिच्याकडून काही चोरून घेत नाही.

बंडू आता म्हातारा झालाय. जिना चढताना मध्येच थांबतो आणि मी येतेय ना हे वळून पाहतो. माझे वडील गेले त्या महिन्यात घरात कुणाला बोलावंसं वाटत नव्हतं, पण सकाळ झाली की तो दाराशी टांगलेल्या पट्ट्याखाली उभा असायचा आणि कुणाला तरी उठावंच लागायचं. आई उठायला लागली. आधी दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. सांत्वनाला आलेल्या माणसांनी पुष्कळ चांगलं बोलून ठेवलं होतं, त्यांतलं आम्हा कुणाला काही आठवत नाही. कुत्र्याचं आयुष्य दहा-तेरा वर्षांचं. तो आपल्या आधी जाणार हे माहीत असून आपण त्याला घरात आणतो. मरणाच्या बातम्यांपासून पळणारा माणूस हे करणार नाही.

आता तुमच्या अपराधी भावनेबद्दल. ती जायची नसेल तर तिला काम द्या. कुत्र्यांच्या प्रेमाला एक कठोर बाजू आहे, आणि आपण प्राणिप्रेमी तिच्याबद्दल फार कमी बोलतो याची मला चीड येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. जवळपास सगळ्यांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो, आणि त्यांतली साधारण ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसू लागली की वाचवणं जवळजवळ अशक्य. आणि तरीही हा पूर्ण टाळता येणारा आजार आहे: माणसासाठीची पहिली लस फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८८५ मध्येच टोचली होती, आणि एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली तर संसर्गाची साखळी तुटते. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईला कुत्र्यांची भीती वाटते, राग येतो, आणि तिचं काहीही चुकत नाही. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा आसपासच्या बेवारस कुत्र्यांना लस मिळवून देण्यात वेळ घाला. मुलांना शिकवा की चावा किंवा ओरखडा बसला तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवायची, घरी लपवायचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं. युद्ध थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. हे आहे, आणि यातून कुत्रं आणि मूल दोन्ही वाचतात.

सुरुवात घरातूनच करा. तुमच्या कुत्रीचं लसीकरणाचं कार्ड काढून पुढची तारीख बघा, आणि ती उलटून गेली असेल तर उद्याच तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.