फुकटात मिळणारा इग्वाना परवडेल का?

प्रश्न : मित्र दोन महिन्यांत परदेशी जातोय. त्याचा तीन वर्षांचा नर हिरवा इग्वाना (मोठ्या सरड्याची एक जात, शेपटीसह सुमारे चार फूट) तो ४ बाय २ बाय ४ फुटांच्या पिंजऱ्यासकट आम्हाला फुकट द्यायला तयार आहे. आम्ही ६०० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरात राहतो, मुलगी चार वर्षांची आहे. कर्जाचे हप्ते पगाराच्या २८ टक्के जातात. अडीअडचणीसाठी चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला आहे. मुलीच्या शिक्षणासाठीची मासिक गुंतवणूक वर्षभर थांबवून त्या पैशात मोठा पिंजरा करून घ्यावा, असं डोक्यात आहे. चालेल का?

उत्तर : नको. निदान आत्ता, या घरात आणि या पैशातून तर नकोच.

आधी गुंतवणुकीचं बघू. मुलगी अठरा वर्षांची व्हायला चौदा वर्षं आहेत. वार्षिक ९ टक्के परतावा धरला, तर सुरुवातीच्याच वर्षात चुकवलेल्या १२ हप्त्यांमुळे शेवटी सुमारे ३८ हप्त्यांएवढी रक्कम कमी पडेल. सगळ्यात जास्त वाढायला वेळ मिळणारे हप्ते हेच असतात, आणि तुम्ही नेमके तेच थांबवताय. शिवाय पिंजरा झाला म्हणजे खर्च संपला असं होणार नाही. पुढच्या वर्षी हप्ता पुन्हा सुरू कराल तेव्हा इग्वानाचा मासिक खर्च त्याच पगारातून जात असेल.

नीट सांभाळलेला हिरवा इग्वाना १५ ते २० वर्षं जगतो. हा तीन वर्षांचा आहे, म्हणजे अजून १५ वर्षांचा हिशोब धरा. आजच्या मासिक खर्चाला १८० महिन्यांनी गुणून चालणार नाही. महागाई ६ टक्के धरली तर हा गुणक १८० वरून सुमारे २७९ वर जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी फुकट असल्यामुळे मसाल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मित्राचा पिंजरा हिशोबातून काढूनच टाका. इग्वाना झाडावर राहणारा प्राणी. पूर्ण वाढलेला नर पाच ते सहा फुटांचा होतो आणि त्याला किमान ६ फूट लांब, ३ फूट खोल, ६ फूट उंच जागा लागते. आत ६५ ते ८० टक्के आर्द्रता ठेवावी लागते, त्यामुळे पार्टिकल बोर्डाचा स्वस्त पिंजरा कडांपासून फुगत जातो आणि सांध्यांत बुरशी धरते. मरीन प्लाय किंवा पीव्हीसी बोर्ड, सांध्यांना सिलिकॉन आणि नटबोल्टने सुटे होणारे भाग, अशा पिंजऱ्याचंच कोटेशन घ्या. जोडून आणलेला एवढा पिंजरा दारातून आत येत नाही, आणि घर बदलताना खिळे ठोकलेला पिंजरा तोडावाच लागतो.

बहुतेकांच्या यादीत नसलेला खर्च म्हणजे जमीन. पिंजऱ्याखाली १८ चौरस फूट जातात. दार उघडायला आणि आत वाकून साफसफाई करायला पुढे अडीच फुटांची पट्टी मोकळी हवी, म्हणजे आणखी १५. एकूण ३३ चौरस फूट, तुमच्या घराच्या साडेपाच टक्के. दरमहा भाड्याचे साडेपाच टक्के इग्वानाच्या नावावर लिहा. खाण्यापेक्षा हाच आकडा मोठा निघण्याची शक्यता आहे. घरमालकाची लेखी परवानगी लागेल ती वेगळीच, आणि पुढचं प्रत्येक घर शोधताना हीच अट बरोबर येईल. भिंतीला ओल धरली तर डिपॉझिटमधून कापलं जाईल, म्हणून पिंजरा भिंतीपासून चार बोटं तरी पुढे हवा.

विजेचा हिशोब वॅट आणि तासांवरून घरीच करता येतो. ऊन घेण्याच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश तापमान लागतं. एवढ्या लांब अंगाला एकच जोरदार दिवा लावला तर पाठीवर एका जागी भाजतं आणि बाकी शरीर थंड राहतं, म्हणून १०० वॅटचे दोन दिवे शेजारी लावतात : बारा तासांचे २.४ युनिट. ५४ वॅटची यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) बारा तास, ०.६५ युनिट. रात्री आणि थंडीत १५० वॅटचा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर दिवसाला सरासरी बारा तास चालला तर १.८ युनिट. दिवसाला जवळपास ५, महिन्याला १४५ युनिट. हवा उष्ण असेल तर हीटरचा भाग बराच कमी होईल. वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत असेल, तर ही जादाची युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात मोजा.

थर्मोस्टॅटवर काटकसर करू नका. त्याचा सेन्सर केबल टायने पक्का बांधा. तो निसटून थंड कोपऱ्यात पडला, तर हीटर थांबायचं नावच घेत नाही. यूव्हीबी ट्यूब वर्षातून एकदा बदलायची, काही प्रकारच्या तर सहा महिन्यांनीच. ती उजेड देत राहते, पण उपयोगाचा किरण आधीच मंदावलेला असतो. ‘चालतेय की अजून’ म्हणून ठेवली, तर शरीर कॅल्शियम शोषू शकत नाही. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला थरथर सुटते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यावर उतारा नाही, कारण काच यूव्हीबी अडवते.

खाणं तुलनेने सोपं. हा शाकाहारी प्राणी, रोज कॅल्शियम भरपूर असलेला ताजा पाला लागतो. पालक नेहमीचा नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मांस-अंडी अजिबात नकोत. त्याने मूत्रपिंडं जातात.

डॉक्टरांचा खर्च मात्र अंदाजाने लिहू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आधी शोधा, कारण कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर इग्वाना हाताळत नाहीत. त्यांना दोन आकडे विचारा : पहिली तपासणी, विष्ठा, रक्त आणि एक्स-रे मिळून किती, आणि भूल देऊन पोटाची एक शस्त्रक्रिया व तीन दिवस दवाखान्यात ठेवणं मिळून किती. दुसऱ्या आकड्याएवढी रक्कम प्राणी घरात यायच्या आधी वेगळ्या खात्यात हवी. ती तुमच्या चार महिन्यांच्या रकमेतून काढायची नाही. कर्ज आणि लहान मूल असलेल्या घराला ती रक्कमच सहा महिन्यांची हवी.

मुलीचा मुद्दा पैशाचा नाही, पण माझ्या नकारात त्याचं वजन सर्वांत जास्त आहे. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालील मुलांच्या घरी सरपटणारे प्राणी नकोत, असं अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी सांगते. त्यात हा नर वयात आलेला आहे. विणीच्या हंगामात असे नर ओळखीच्या माणसावरही धावून जातात, आणि त्यांच्या शेपटीचा फटका मोठ्या माणसालाही वळ उठवतो.

कागदपत्रांचंही विचारा. हिरवा इग्वाना सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. मित्राकडे त्याच्या कायदेशीर उगमाचा कागद आहे का, आणि तुमच्या इथे नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर तो तुमच्या नावावर होतो का, हे पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका. नियम मध्येच बदलतात, ही जोखीमही धरा : फ्लोरिडाने २०२१ मध्ये हिरवा इग्वाना आणि टेगू (आणखी एक मोठा सरडा) प्रतिबंधित यादीत टाकले, आणि आधीपासून पाळणाऱ्यांना परवाना व मायक्रोचिप करून घ्यावी लागली. शिवाय उद्या नको झाला तर पूर्ण वाढलेला नर कुणी विकत घेत नाही. तुमच्या मित्रालाही तो फुकटच द्यावा लागतोय. बाहेर सोडून देणं हा तर पर्यायच नाही.

मुलगी पाच वर्षांची झाली, अडीअडचणीची रक्कम सहा महिन्यांची झाली, दवाखान्याचं खातं भरलं आणि घरमालकाचं पत्र हातात असलं, तर मी पुन्हा हिशोब मांडेन. तोवर इग्वानाचा मासिक आकडा काढा (भाड्याचा वाटा, वीज, पाला, ट्यूबचा बारावा हिस्सा, दवाखाना) आणि गुंतवणुकीला हात न लावता दर महिन्याला तेवढे पैसे दवाखान्याच्या खात्यात टाकून बघा. सहा महिने ओढाताण न होता जमलं, तरी आधी बिअर्डेड ड्रॅगनचा विचार करा : दीड ते दोन फुटांचा सरडा, दहा-बारा वर्षांचं आयुष्य आणि ४ बाय २ बाय २ फुटांचा पिंजरा.

मित्राला मात्र आजच नकार कळवा. पशुवैद्याकडे किंवा सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे इग्वानासाठी जागा शोधायला त्याला हे दोन महिने पूर्ण लागतील.