हळदीसाठी पॅड घेताना आवाज मोजू नका

वीस हजारांच्या आत, हळदी-बारशाच्या कार्यक्रमांसाठी, चारशे तयार आवाजांचा सॅम्पल पॅड (काठी मारली की आत साठवलेला आवाज वाजवणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य) घ्यावा की स्वतःचे आवाज भरता येणारा, असे आपण विचारले आहे. स्वतःचे आवाज भरता येणाराच घ्यावा. खोक्यावरचा असाच आकडा पाहून मी माझा पहिला पॅड घेतला होता, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सातारा जिल्ह्यातल्या एका हळदीला स्टेज फळ्यांचे होते आणि त्याच फळ्यांवर डीजेवाल्याने बेसचे दोन खोके ठेवले होते. पहिले गाणे सुरू झाले आणि काठ्या माझ्या हातात तशाच असताना पॅड आपोआप वाजू लागला. बेसच्या प्रत्येक दणक्यामागून ताशाचा एक फुटका ठोका. माझे काका, ज्यांनी उभे आयुष्य हलगी वाजवली आणि ज्यांना असली यंत्रे कधीच पटली नाहीत, ते मंडपामागे कागद पेटवून हलगी शेकत बसले होते. तिथूनच म्हणाले, "तुझं वाद्य शहाणं दिसतंय, त्याला वाजवणारा लागत नाही."

फळ्यांचा हादराच पॅडला ठोका वाटत होता. मी थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या हादऱ्याला ठोका मानायचे ती मर्यादा, वाढवला, तेव्हा पॅड गप्प झाला, पण मुख्य ठोक्यांच्या मधले हलके ठोकेही गेले. तो खाली आणला, तर ताशावर मारले की शेजारची झांज वाजे, आणि हा शेजारधर्म आवरण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. शेवटी यजमानांकडून सतरंजी मागून, तिची घडी स्टँडच्या पायांखाली घालून, पॅडवर मारायच्या आठ चौकोनांपैकी चारांवरच मी ती रात्र काढली. चारशे आवाजांपैकी वापरले सहा.

आपल्याकडे कोणत्याही पॅडला ऑक्टापॅडच म्हणतात. पण रोलंड कंपनीने 1985 साली त्या नावाने आणलेल्या पहिल्या पॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. ठोका ओळखायचा आणि मिडीतून, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश देण्याच्या पद्धतीतून, दुसऱ्या यंत्राला वाजवायला लावायचे, एवढेच त्याचे काम होते. ठोका नीट ओळखणे हेच पॅडचे खरे काम, असे माझे मत त्या रात्रीपासून पक्के आहे. रोलंडच्याच एसपीडी-20 या पॅडमध्ये सातशे आवाज आहेत, परंतु आपल्या गावच्या हलगीचा आवाज त्यात भरता येत नाही. त्यांच्याच एसपीडी-एसएक्समध्ये तो भरता येतो, मात्र नवा घेणे आपल्या रकमेत बसणार नाही. अलेसिस कंपनीचा ‘सॅम्पलपॅड 4’ हा पॅड मेमरी कार्डवरून वेव्ह प्रकारची ध्वनिफाइल घेतो आणि त्याला चारच चौकोन असले तरी हळदीला तेवढे पुरतात. दुकानात स्वतःच्या काठ्या घेऊन जावे, एका चौकोनावर जोरात मारून शेजारचा वाजतो का ते पाहावे, मग बोटाने टिचकी मारून तीही उमटते का ते ऐकावे.

पुढे मी काकांचीच हलगी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली: शेकल्यानंतरचा मोकळा ठोका, हाताने दाबलेला ठोका आणि कडेवरची काडी. पहिल्या दिवशी सगळेच उशिरा वाजू लागले, कारण फाइलच्या सुरुवातीला क्षणभराची शांतता राहिली होती. ती कापून टाकल्यावर ठोका काठीबरोबर उमटू लागला. मोकळा आणि दाबलेला ठोका एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवावेत, म्हणजे दाबलेला वाजताच मोकळ्याची आस तुटते; पॅड निवडताना ही सोय आहे का, हेही विचारून घ्यावे. काकांना हे ऐकवले, तेव्हा हलगी कोणाची हे त्यांनी ओळखले आणि तरीही पॅडवाल्याला ठेका येत नाही हे आपले म्हणणे सोडले नाही. माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे, की ज्याला ठेका येत नाही त्याची फजिती पॅड हलगीपेक्षा लवकर करतो, कारण पॅडवर हाताने सावरून घ्यायला काही नसते.

आपले कार्यक्रम मुख्यतः सिनेमाच्या गाण्यांचे असतील आणि दर गाण्याला आवाज बदलावा लागत असेल, तर मात्र जुना एसपीडी-20 पाहायला हरकत नाही. आणि ढोलकी कोणत्याच पॅडवर वाजवू नये. डाव्या पुडीवर तळवा दाबून जो घुमारा वर नेला जातो, तो ठोक्याठोक्याने भरलेल्या आवाजांत मला आजवर आणता आलेला नाही. तेवढ्यासाठी ढोलकीवालाच बोलवावा आणि त्याची बिदागी आधी ठरवावी.