बाळ येण्यापूर्वी घर लावताना जुने काय वापरावे आणि काय जपावे

तुम्हाला पाचवा महिना सुरू आहे, पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहता, आणि सासूबाईंनी गावच्या घरातून जुना पाळणा, कपड्यांचा पेटारा आणि फोटोंची ट्रंक तुमच्याकडे पाठवली आहे. आधी बाळासाठी घर लावावे की आधी हा ठेवा नीट करावा, आणि सासूबाई म्हणतात तसा तोच पाळणा वापरावा का, असे तुम्ही विचारले आहे. काही वर्षांपूर्वी मी जवळजवळ याच जागी उभी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२१ च्या जुलैमध्ये मला चौथा महिना होता. माझे माहेर चिपळूणचे. २२ जुलैला वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आईबाबा आजीला घेऊन माडीवर गेले आणि सुखरूप राहिले, परंतु माजघरातल्या पलंगाखालची फोटोंची ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तर फोटोंचे गठ्ठे चिखलाने एकमेकांना चिकटले होते. घरच्यांनी ते तसेच उन्हात वाळवले आणि वाळल्यावर सोडवायला घेतले, त्यामुळे एकाच्या चेहऱ्याचा थर दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघून आला. भिजलेले फोटो वाळू द्यायचे नसतात. ते ओले असतानाच परातीतल्या स्वच्छ, थंड पाण्यात हलक्या हाताने सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुती कापडावर पसरायचे. तेवढा वेळ नसेल, तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी धरत नाही. हे आम्हाला चार दिवसांनी कळले. शंभराहून अधिक फोटोंपैकी ३९ हाती लागले, आणि त्यांतल्या निम्म्यांमधली माणसे कोण हे फक्त आजीला माहीत होते.

म्हणूनच माझे पहिले सांगणे हे आहे की पाळणा, पेटारा आणि ट्रंक आणखी एक महिना बांधलेली राहिली तरी बिघडणार नाही, पण घरातल्या वयस्कर माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम या आठवड्यात सुरू करा. बाळ झाल्यावर वर्षभर तुम्हाला ती सवड मिळणार नाही, आणि बाळाच्या निमित्ताने ही माणसे जेवढे मोकळेपणाने बोलतात, तेवढे एरवी बोलत नाहीत. चिपळूणचे घर साफ होईपर्यंत ८६ वर्षांची आजी आमच्याकडे पुण्यात राहिली. प्रारंभी मी तिला समोर बसवून प्रश्न विचारले, तेव्हा ती "काय सांगायचं त्यात" एवढेच म्हणाली. नंतर तिने तिच्या जुन्या सुती पातळाचे बाळासाठी दुपटे शिवायला घेतले आणि धावदोरा घालता घालता आपण होऊन बोलू लागली. तिला पाळण्याच्या ओव्या बसल्या जागी आठवत नव्हत्या, पण हात चालू लागल्यावर एकामागून एक आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या समाज-अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. ती गाणी दळणाच्या कामाला बांधलेली होती, जाते थांबले आणि ती गाण्याचे कारणही संपले, हे मी वाचले होते. पण त्याचा अर्थ मला आजीच्या सुईकडे पाहताना कळला. म्हणून सासूबाईंच्या किंवा आजेसासूबाईंच्या हातात काहीतरी काम असू द्या, मग ते शेंगा सोलणे असो की गोधडीला ठिगळ लावणे.

मोबाइल पुरेसा आहे. तो घडी केलेल्या टॉवेलवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, फोन येणार नाही अशी व्यवस्था करा आणि पंखा बंद ठेवा, कारण ऐकताना आपल्या कानाला न जाणवणारी पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात शब्द गिळून टाकते. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे पूर्ण नाव तुमच्या आवाजात सांगा. "तुमच्या वेळचे काही सांगा" असे मोघम विचारू नका. बाळंतपण कोणत्या खोलीत झाले, सुईण कोण होती, पाळणा कोणी घडवला, बारशाच्या घुगऱ्या किती घरांत वाटल्या, आत्याने कानात नाव सांगितले तेव्हा आधी कोणते नाव ठरले होते, असे विचारा. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरे. त्यांनी एखादे साल चुकीचे सांगितले तरी मध्ये दुरुस्त करू नका. सन इसवीत न सांगता कोयनेच्या भूकंपानंतरचा पाऊस असे सांगितले, तर तेच मुद्रित होऊ द्या आणि १९६८ हा आकडा नंतर तुमच्या वहीत लिहा.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी ठेवून करा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आजी बोलता बोलता थांबली आणि म्हणाली की बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती आणि ती पाचवी पुजायच्या आधीच गेली. साठ वर्षांहून अधिक काळ घरात कोणी त्या मुलीचा उल्लेख केलेला नव्हता. माझ्या बाबांनाही ते ठाऊक नव्हते. आजीने तिच्यासाठी मनात एक नाव ठेवले होते, ते तिने मला सांगितले आणि विचारले की तुझ्या त्या वंशावळीत तिला लिहिशील का. मी लिहिले. पोटात बाळ असताना असे ऐकणे मला जड गेले, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही; त्या रात्री मी पुष्कळ रडले. तरीही मुद्रण पुसले नाही, कारण ते आजीने विश्वासाने दिले होते. असे काही निघाले, तर ते कोणाला ऐकवायचे हे त्यांनाच विचारा, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर परवानगीशिवाय काहीही टाकू नका. तुम्हाला स्वतःला सोसवत नसेल, तर ते काम यजमानांकडे द्या. त्यांच्या आजीला त्यांच्याशी बोलायला आवडेल.

ट्रंक उघडताना तुम्ही स्वतः शेजारी बसू नका. अनेक वर्षे बंद असलेल्या ट्रंकेत धूळ आणि बुरशी असते, ती दुसऱ्या कोणीतरी तोंडाला मास्क लावून गॅलरीत उघडावी. फोटोंच्या मागे बॉलपेनने नावे लिहू नका, कारण दाबाने पुढच्या बाजूला वळ उमटतो आणि शाई फुटते. जुन्या कागदी फोटोंवर मऊ शिसपेन्सिलीने कडेला लिहावे. नंतरच्या काळातल्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, त्यामुळे ते कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहावे. चिकट पानांचे आणि वर पारदर्शक कागद असलेले जे अल्बम एके काळी घरोघरी असत, त्यांच्या गोंदाने फोटो पिवळे पडतात, म्हणून सुटतील तेवढे फोटो सोडवा आणि न सुटणारे न ओढता अख्ख्या पानाचाच फोटो घ्या. स्कॅनर मिळाला, तर छोट्या फोटोंसाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवा. नसेल, तर खिडकीजवळच्या सावलीच्या उजेडात फ्लॅशशिवाय मोबाइलने घेतलेले फोटोही चालतात. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती हव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे हवी. आमच्या ३९ फोटोंची प्रत आता नागपूरच्या मावशीकडे आहे. मूळ फोटो पलंगाखाली किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आतल्या कोरड्या भिंतीच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवा.

याच ओघात सांगते की तुमच्या बाळाची पहिली आठवण तुमच्या फाइलमध्ये आताच आहे आणि ती फार नाजूक आहे. सोनोग्राफीचे छापील चित्र बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते, ते उजेडाने आणि उकाड्याने पुसट होत जाते, आणि जपण्याच्या हेतूने लॅमिनेशन केले, तर यंत्राच्या उष्णतेने काळे पडते. आजच त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. बाळ झाल्यावर जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नाव ठरलेले नसेल, तरी नोंद होते आणि नाव नंतर घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत अनेक कामांना जन्मदाखला हाच आधार धरला जातो, म्हणून आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग आधारकार्डाशी जुळते का, हे आताच पाहून ठेवा.

आता पेटारा. त्यात सासूबाईंच्या हातची झबली, टोपडी, कुंची असतील आणि बाळाला तीच घालावीत असे कोणाच्याही मनात येईल. पण पेटाऱ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल, तर ते कपडे बाळाच्या अंगाला लावू नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असते, आणि जी६पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात. असे कपडे वापरल्याने नवजात बाळांना तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. ही कमतरता आपल्या बाळाला आहे की नाही, हे आधी कळत नाही, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असेही मानता येत नाही. आम्ही कुंची कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून ठेवून दिली, सोबत वेखंडाचा तुकडा आणि सुकवलेला कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवला, आणि तिच्या मापाची नवी कुंची आईने शिवली. बाळाच्या अंगावर नवी होती, पण काठ जुन्या खणाचे होते. तो खण आईच्या कपाटात गोळ्यांविना ठेवलेला होता. आजीच्या पातळाचे दुपटेही रोजच्या वापरातल्या पातळाचे असल्याने बिनधोक होते, आणि चार-पाच धुण्यांनंतर ते इतके मऊ झाले की मुलीला दुसरे कोणतेच चालेना.

पाळण्याचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. तो तैलरंगाने रंगवलेला असेल आणि रंग जुना असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांचा भरवसा धरू नये. दात येताना बाळ पाळण्याची कड चावते आणि शिसे मेंदूच्या वाढीला घातक असते. सुताराला बोलावून रंग घासून काढावा, असे तुम्हाला कोणी सुचवील, पण त्या घासण्याच्या धुळीतच शिसे असते आणि गरोदर स्त्रीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते, म्हणून ते काम तुम्ही राहता त्या घरात मुळीच होऊ देऊ नका. पाळणा बिनरंगाचा शिसवी किंवा सागवानी असेल, तर सांधे हलतात का आणि गजांमधले अंतर ६ सेंटिमीटरहून अधिक नाही ना, हे पाहून तो वापरायला हरकत नाही.

बाळाच्या खोलीला, खरे सांगायचे तर, तुम्ही समजता तेवढी तयारी लागत नाही. भिंतीला ओल असेल, तर घरमालकाकडून ती आताच दुरुस्त करून घ्या. कडक, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि मच्छरदाणी एवढे पुरे. उशी, मोहरीची गिरदी, कापडी बाहुल्या काही नको, आणि बाळाला पाठीवरच झोपवायचे. बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून शेगडी आणि धुरी करण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर तिला नम्रपणे पण ठाम नकार द्या, कारण बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवाला धोका असतो.

सासूबाईंना पाळण्याबद्दल सांगताना रंगाच्या नियमापासून सुरुवात करू नका. आमचा पाळणा माझ्या सासरचा, हिरव्या तैलरंगाचा होता आणि माझ्या यजमानांसकट पाच मुले त्यात वाढली होती, त्यामुळे माझे बोलणे सासूबाईंना सुरुवातीला लागले. मी त्यांना पाळणा कोणी करून दिला ते विचारले आणि त्या दीड तास बोलल्या. सासऱ्यांनी पहिल्या पगारातून पितळी साखळ्या घेतल्या होत्या, हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. मग मी शिशाबद्दल सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार करून स्वतःच सुचवले की साखळ्या तेवढ्या काढून घेऊ. चिंच लावून त्यांनी त्या स्वतः घासल्या, नव्या पाळण्याला लावल्या, आणि बारशाला पाळण्याची दोरी पहिल्यांदा त्यांनीच ओढली.